तळाच्या ओळीतली सवत

चार बायका एकत्र आल्या की सासूच्या गोष्टी निघतात. माझ्याजवळ सासूच्या आहेत, पण त्या तुमच्यासारख्याच. माझ्याकडं खास म्हणून ज्या आहेत त्या सवतीच्या. त्याही मेलेल्या सवतीच्या! घरात छापखाना, छापखान्यात सवतीचं नाव, आणि माझा स्वभाव हा असा. मग किस्से साठतील नाहीतर काय होईल? एक सांगून संपवते तोवर दुसरा आठवतो.

आधी एवढं ऐकून ठेवा. आमचा छापखाना साताऱ्यात, राहत्या घराच्या पुढच्या सोप्यात. ह्यांची पहिली बायको यमुना. तिनं अंगावरचं माहेरचं सोनं काढून दिलं, त्यातून पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आलं. ह्यांनी पाटी लावली, 'यमुना छापखाना'. दोन-तीन वर्षांत ती तापानं गेली. मूलबाळ काही नाही. मग मी आले, सांगलीहून, दुसरेपणावर.

आता कायदाच असा की छापलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाला छापखान्याचं नाव घालायचं. म्हणजे साताऱ्यात कागद हातात घ्यावा आणि तळाला बघावं तर माझी सवत! औषधाच्या बाटलीवर ती, शाळेच्या प्रश्नपत्रिकेवर ती, तमाशाच्या हँडबिलावर ती. नवी नवरी म्हणून शेजारणीनं पेढ्यांची पुडी दिली. पेढा तोंडात टाकला, कागद उलटला, तर तिथंही ती. तो पेढा मी गिळला कसा ते माझं मला माहीत.

मला दुसरं काही नको होतं बायांनो. सोनं नको, पैठणी नको. त्या तळाच्या ओळीत माझं नाव हवं होतं, एवढंच.

*

सुरुवात कुठून झाली म्हणाल, तर माझ्याच लग्नपत्रिकेपासून!

मुलाकडची पत्रिका ह्यांनी स्वतः छापली. तांबड्या शाईत गणपती, मध्ये आमची नावं, चारी बाजूंनी वेलबुट्टी. सांगलीत आमच्या घरी पत्रिका आली तशी माझी मावशी ती मोठ्यानं वाचायला बसली. मावशीला एकदा वाचायला लागली की थांबता येत नसे. आहेराची ओळ वाचली, मुहूर्त वाचला, थेट तळापर्यंत गेली.

"ही यमुना कोण गं? सगळ्यांत खाली घातलीय. नणंद का?"

 मीच म्हटलं, "नाही मावशी, सवत."

मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! मेली तरी लग्नाला आली?"

*

लग्नात तर बहारच झाली. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, तो विधी होता. सासूबाई माणूस व्यवहारी. त्या आदल्या दिवसापासून म्हणत होत्या, "यमुनाच ठिवा हिचं बी नाव. पाटी बदलाया नगो, काय नगो."

हे म्हणाले, "नाही. ते नाव नको."

मला किती बरं वाटलं सांगू! म्हटलं, माणूस समजूतदार आहे. आपल्याला आपलं नाव देतोय. पुढं दोन महिन्यांनी मी लाडात येऊन विचारलं, तेव्हा नको का म्हणालात? तर हे सरळ म्हणतात, "यमुना एकच होती." झालं! तळपायाची आग मस्तकात गेली.

असो. ताट पुढं आलं. ह्यांनी अंगठी हातात घेतली आणि झरझर लिहिलं. भटजी वाकून बघतायत, ताट फिरवतायत, पुन्हा बघतायत. नाव काही वाचता येईना. कारण रात्रंदिवस हात छापायच्या खिळ्यांत, ती शिशाची अक्षरं सगळी उलटी असतात ना, तेव्हा घाबरलेल्या हातानं आरशात दिसतं तसं उलटं नाव लिहून ठेवलं!

"ही कोणती लिपी म्हणायची?" भटजी म्हणाले.

सासूबाई मागून ओरडल्या, "लिव्हू द्या वो! छापल्यावर सुलट हुतंय!"

मांडव हसून लोटपोट. माझं नाव 'सुलोचना' आहे हे मला त्या गोंधळात चौथ्या बाईकडून कळलं. आणि मी पुढं विचारलंच ह्यांना, यमुनेचं नाव लिहिताना पण उलटं लिहिलं होतं का? तर म्हणाले, "छे! तेव्हा कुठं छापखाना होता?" म्हणजे तिचं सुलट, माझं उलटं. सुरुवातच अशी.

*

गावाला वाटायचं, पाटीवर यमुना म्हणजे मालकीणबाई यमुना. मी सोप्यात आले की गिऱ्हाईक उठून नमस्कार करायचं. "यमुनाबाई, आमच्या पावतीपुस्तकाचं काय झालं?" "यमुनावहिनी, पत्रिका कवा मिळत्याल?" मी पहिल्यापहिल्यांदा सगळ्यांना सांगायची, मी यमुना नाही, मी सुलोचना. मग ते विचारायचे, मग यमुनाबाई कुठायत? की ती सगळी रडकथा पहिल्यापासून सांगायची, वर ते तिच्यासाठी चुकचुकणार. "लय वंगाळ झालं बगा. गुणाची आसंल!" माझ्याच दारात उभं राहून! मग मी सांगणंच सोडलं.

एकदा लोणंदचा एक तमाशाचा कंत्राटदार आला. त्याची हँडबिलं ह्यांनी वेळेवर दिली आणि त्याचा फड भरला. खुशीत येऊन त्यानं हिरवंगार लुगडं आणलं आणि माझ्या हातात ठेवलं. "हे आमच्या यमुनाबाईस्नी!"

लुगडं असं होतं की बघत राहावं. आणि नाव तिचं! घ्यावं तरी पंचाईत, परत द्यावं तरी जिवावर आलेलं. आमचा मशीनवाला दौलत, मलकापूरचा, ट्रेडलवर पाय ठेवून सगळं बघत होता. तो म्हणाला, "आवं वहिनी, नाव कुणाचं बी आसू द्या. पदर तुमच्या खांद्यावर यील, का न्हाई?"

पटलं मला. पण तिथं तरी सुटका आहे का? दुसरेपणाच्या बायकांना ठाऊक असेल, पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक आपल्या गळ्यात असतो. तिची मूर्तीच ती. नवं काही अंगाला लावायचं तर आधी तिला दाखवायचं, कुंकू तिला आधी लावायचं, मग आपल्याला. लुगडं तिच्याच नावानं आलं, तिलाच आधी दाखवलं, मग मी नेसले. तरी ते मला एवढं खुलून दिसलं की ती असती तर जळून खाक झाली असती. तेवढंच समाधान!

*

मग मी ठरवलं, गोड बोलून काम होत नाही, आपणच आत शिरायचं. ह्यांना म्हटलं, मला खिळे जुळवायला शिकवा. हे हरखून गेले. त्यांना वाटलं, बायकोला धंद्याची गोडी लागली. गोडी कसली! मला त्या तळाच्या ओळीपर्यंत पोचायचं होतं.

ती ओळ रोज लागायची, म्हणून ह्यांनी ती एकदाच जुळवून, सुतळीनं घट्ट बांधून, भिंतीतल्या देवळीत ठेवलेली असायची. 'यमुना छापखाना, सातारा.' शिशाची विटकुरच ती. महिनाभर मी शहाण्यासारखी काम शिकले आणि एका दुपारी ती उचलून आत नेली, तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी खुपसली.

हे आले, देवळीत हात घातला. ओळ नाही. मला वाटलं आता शोधाशोध, आरडाओरडा, काम बंद! कसलं काय. ह्यांनी खिळे जुळवायची स्टिक हातात घेतली, खिळ्यांच्या कप्प्यांपुढं उभे राहिले आणि दौलतशी उसाच्या भावाबद्दल बोलता बोलता नवी ओळ जुळवली. खाली बघितलं सुद्धा नाही! य कुठं, म कुठं, बोटांना पाठ!

मी म्हटलं, "असं? मग आता न बघता 'सुलोचना' जुळवा बघू."

हे हसले, हात घातला, आणि थांबले. "च कुठं गेला गं?" म्हणून खाली वाकून कप्पे चाचपायला लागले. मी स्टिक आपटून आत गेले.

संध्याकाळी सासूबाई डाळ निवडायला बसल्या. डब्यात तळापर्यंत हात घातला, वीट बाहेर काढली, डोळ्यांजवळ धरली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ती वीट त्यांनी देवळीत रोज पाहिलेली. माझ्याकडं बघितलं. ह्यांच्याकडं बघितलं.

"डाळीत खडा निघतो त्ये म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या. "सवत निघाल्याली आजच बघितली!"

*

पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची. म्हणजे तिच्या नावाचा स्वयंपाक मी करायचा! करत होते, दात-ओठ खात करत होते. हे चुलीपाशी येऊन सांगायचे, "खिरीत वेलदोडा नको हं, जायफळ घाल. तिला जायफळ आवडायचं. आमटी जरा झणझणीत."

मी विचारलं, "आणि मला काय आवडतं?"

"तुला?" हे विचारात पडले. "तू काय, सगळंच खातेस."

ऐका पुढं. त्या वर्षी बोलावलेली सवाष्ण आयत्या वेळी आलीच नाही. तिच्या घरी सुतक पडलं. ऊन डोक्यावर आलेलं, पान वाढलेलं, गावात त्या घटकेला रिकामी बाई कुठून आणायची? सासूबाईंनी माझा हात धरला आणि मलाच पाटावर बसवलं. "ही काय सवाष्ण न्हाई व्हय? बस गं."

बसले. हे वाढायला आले. आणि काय सांगू, ह्यांचा आवाजच बदललेला! "अजून थोडी खीर घे. अगं घे, संकोच करू नकोस. पोटभर जेव." माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, एवढ्या मायेनं मला कुणी पोळीसुद्धा वाढली नव्हती. मला त्या पाटावर बसलेल्या बाईचा असा हेवा वाटला, असा हेवा वाटला! आणि पाटावर तर मीच होते.

खीर मात्र तीन वाट्या खाल्ली. जायफळ घातलेली.

*

बेचाळिसाच्या गडबडीत साताऱ्यातल्या एकूण एक छापखान्यांची झडती झाली. कुठून कुठून सरकारविरुद्ध पत्रकं निघत होती, तळाला नाव नसलेली. एक इन्स्पेक्टर दोन शिपाई घेऊन आमच्याकडं आला. सांगलीकडं कुठं पूर्वी होता म्हणे. कागदाच्या थप्प्या उपसल्या, शाईचे डबे हुंगले. काही सापडेना तसा तो चिडला. पाटीकडं बोट करून म्हणाला, "ही यमुना कोण?"

हे म्हणाले, "माझी बायको."

"बोलवा बाहेर."

"ती नाही."

"नाही म्हणजे? कुठं गेली?"

ह्यांचा स्वभाव असा की यमुनेचं नाव निघालं की 'वारली' हा शब्द तोंडातून निघत नसे. हे खाली मान घालून म्हणाले, "गेली."

"फरारी!" इन्स्पेक्टरनं टेबलावर मूठ आपटली. "लिहा रे. यमुना, छापखान्याची मालकीण, फरारी. वॉरंट काढावं लागेल."

दाराआड मी उभी होते. भीती वाटायला हवी होती, नाही? मला पहिलं काय वाटलं सांगू? वॉरंटसुद्धा हिच्याच नावानं! गावात मान हिला, खीर हिला, आता देशभक्तीसुद्धा हिचीच होणार. माझं डोकंच फिरलं. मी तरातरा बाहेर गेले, गळ्यातला टाक ओढून काढला आणि इन्स्पेक्टरच्या टोपीशेजारी ठेवला.

"ही घ्या यमुना. चार वर्षं माझ्या गळ्यात आहे. न्यायची असेल तर खुशाल न्या, मी पेढे वाटीन!"

इन्स्पेक्टरनं टाक बघितला. हात मागं घेतला. त्याच्या घरीही असं कुणी गळ्यात असणार, कुणास ठाऊक. त्यानं बूट काढले, हात जोडले आणि शिपायाला म्हणाला, "खोडा रे ते."

जाताना मला म्हणाला, "घाला बाई गळ्यात. असं उघड्यावर ठेवू नये."

दौलत पुढं महिनाभर सांगत सुटला होता, "आमच्या थोरल्या वहिनींनी पोलिसाला बूट काढाया लावलं!" थोरल्या वहिनींनी! काढायला मी लावले, नाव तिचं!

*

आता शेवटचा.

लढाई संपली, कागद जरा मोकळा मिळायला लागला. सांगलीत माझ्या भावाच्या ओळखीनं एक मोठं जुनं मशीन मिळालं. ते बैलगाडीतून आणि मग मोटारीतून साताऱ्याला आलं. मी ह्यांना म्हटलं, "तुमचं पहिलं मशीन तिच्या माहेरचं. हे माझ्या माहेरचं. आता बोला."

ह्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "कचेरीत जाऊन नव्या नावाचा कागद करतो." आणि खरंच करून आले. सासूबाई म्हणाल्या, "करा, करा. हिच्या पोटातली आग तरी इजंल."

पहिलं काम एका पाटलाच्या घरच्या लग्नपत्रिकेचं. ह्यांनी तळाची ओळ स्वतः जुळवली. नेहमीपेक्षा एक नंबर मोठा, ठळक टाइप घेतला. प्रूफ काढून माझ्या हातात दिलं. 'सुलोचना छापखाना, सातारा.' काळंभोर, ओलं. आठ वर्षं ज्यासाठी जीव जाळला ते माझ्या हातात होतं. मी ते दोनदा वाचलं. मला तर पाटलाच्या लेकीचं नावसुद्धा दिसत नव्हतं. म्हटलं, शेजारी नेऊन दाखवावं, आधी त्या पेढेवालीला.

तेवढ्यात दारातून हाक आली, "पोरी, हायस का गं?"

यमुनेची आई. पाटणच्या पलीकडची, कोयनेच्या अंगाची. लेक गेली तरी म्हातारी वर्षातून एकदा यायची, भाताची सुगी झाली की. नवे तांदूळ आणायची, माझी ओटी भरायची. लेकीच्या जागी आलेली म्हणून मी तिची लेक. मी तिला आई म्हणायची. म्हणावं लागतं.

तिनं बोचकं उतरवलं, पाणी प्यायली, पाय पसरून बसली. आणि दरवर्षी म्हणायची तेच म्हणाली, "आण बाई कागूद."

म्हातारीला वाचता येत नव्हतं. ती एवढ्या लांबून यायची ते लेकीचं नाव बघायला. आपण एखादा कागद घ्यायचा, तिचं बोट धरायचं आणि तळाच्या ओळीवर ठेवायचं. मग ती त्यावरून बोट फिरवायची, डोळे पुसायची आणि जेवायला उठायची.

जुन्या नावाचे कागद फळीवर थप्पीनं पडलेले होते. हात लांब केला की मिळाले असते. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. दौलतचा पाय मशीनवर थांबला. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या.

माझ्या हातात प्रूफ होतं. मी खाली बसले, म्हातारीचं बोट धरलं. चिखलात लावणी करून करून खरखरीत झालेलं बोट. आणि ते 'सु'वर ठेवलं.

ती फिरवत गेली. हळूहळू गेली, शेवटापर्यंत गेली, पुन्हा मागं आली. कपाळाला आठी पडली.

"ह्ये काय गं? लांबली जणू. आन केवढी ठसठशीत झाली!"

 बोटाला शाई लागली होती, ती तिनं पदराला पुसली नाही. बोट तसंच धरून माझ्याकडं बघायला लागली, आणि तोंड भरून हसली.

"अंगानं भरलीय गं माझी यमुना! बरी नांदतीया न्हवं?"

"नांदते, आई," मी म्हटलं.